कुत्र्याच्या मिश्र जातीच्या ४ महिन्यांच्या पिल्लाचा वंश कसा ओळखावा आणि त्याचे चावणे कसे थांबवावे?
केवळ छायाचित्रावरून मिश्र पिल्लाचा वंश सांगणे हा बहुतेक वेळा अंदाजच ठरतो, कारण दात बदलण्याच्या काळात आज ताठ दिसणारा कान उद्या पुन्हा लोंबू शकतो आणि केसांचा रंगही वयाबरोबर पालटतो. खात्रीच हवी असेल, तर गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनए चाचणी करता येते; चावण्यावरच्या उपायासाठी मात्र तिची वाट पाहू नये. कायमचे दात येईपर्यंत, म्हणजे साधारण ६-७ महिन्यांपर्यंत, हिरड्या शिवशिवतात. म्हणून पिल्लाने घोट्याला दात लावताच न ओरडता जागीच स्थिर उभे राहावे, खेळ थांबवावा आणि चघळण्याचे खेळणे पुढे करावे. नाकावर चापट मारणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते, कारण त्याने पिल्लू हातालाच भिऊ लागते. संध्याकाळी उधळल्यासारखे धावून चावणारे पिल्लू पुष्कळदा नुसते झोपेला आलेले असते.