'सेटलमेंट'ला मराठीत काय म्हणायचं: दंड, भरपाई, तडजोड की मांडवली?

प्रश्न असा आला आहे: 'फॉक्स न्यूजने डोमिनियन कंपनीला दिलेल्या पैशांना मराठीत कुणी दंड म्हणतं, कुणी नुकसानभरपाई, कुणी तडजोड. यातलं बरोबर काय? आणि श्रीमंत वाहिन्या पैसे टाकून सुटतात, तर सरळ मांडवली का म्हणू नये?'

आधी उत्तर देतो. 'तडजोड' बरोबर. वाक्यात क्रियापद हवं असेल तर 'पैसे देऊन दावा मिटवला'. 'दंड' साफ चूक आहे. 'नुकसानभरपाई' अर्धवट बरोबर आहे आणि 'मांडवली' हा शब्द या प्रकरणात अन्याय करतो. अन्याय फॉक्सवर होतो असं नव्हे, डोमिनियनवर होतो.

प्रकरण थोडक्यात सांगायला हवं. डोमिनियन ही मतदानयंत्रं बनवणारी कंपनी होती. २०२०ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक या यंत्रांनी फिरवली, असे आरोप फॉक्स न्यूज या अमेरिकी वृत्तवाहिनीच्या कार्यक्रमांतून वारंवार झाले. डोमिनियनने मार्च २०२१मध्ये डेलावेअर राज्याच्या न्यायालयात १६० कोटी डॉलरचा अब्रूनुकसानीचा दावा लावला. १८ एप्रिल २०२३ला जूरीचा शपथविधी झाला, वकिलांची सुरुवातीची भाषणं व्हायची होती आणि त्याच दुपारी दावा मिटला. फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. तेव्हाच्या दराने हे सुमारे ६,४०० कोटी रुपये होतात.

आता 'दंड' का नाही ते पाहू. दंड होतो तो गुन्ह्याबद्दल किंवा नियमभंगाबद्दल आणि तो सरकारजमा होतो. इथे सरकारला काहीच मिळालं नाही, न्यायालयाने रक्कम ठरवली नाही, शिक्षाही सुनावली नाही. यात नुसता शब्दाचा काटेकोरपणा नाही. अमेरिकेच्या करकायद्यात सरकारला भरलेला दंड करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. दोन खासगी पक्षांच्या तडजोडीत दिलेली रक्कम मात्र साधारणपणे धंद्याचा खर्च म्हणून वजा दाखवता येते. 'फॉक्सला दंड' असं मथळ्यात लिहिलं, की वाचकाला वाटतं न्यायालयाने शिक्षा केली, विषय संपला. प्रत्यक्षात निकाल लागण्याआधीच विषय संपवला गेला. त्या वेळी फॉक्सची वर्षाची उलाढाल सुमारे १,४०० कोटी डॉलर होती, हेही लक्षात असू द्यावं.

'नुकसानभरपाई' हा शब्द न्यायालयाने रक्कम ठरवून दिली, तर निखळ बरोबर. त्याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. २००८मध्ये टाइम्स नाऊने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत नावातल्या साधर्म्यामुळे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं छायाचित्र दाखवलं. सावंतांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. ते सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. त्यांनी पुण्यात दावा लावला आणि २०११मध्ये न्यायालयाने १०० कोटी रुपये द्यायचा हुकूमनामा केला. वाहिनी अपिलात गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आधी २० कोटी रुपये जमा करायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं. १०० कोटी हा आकडा योग्य होता की अवाजवी, यावर कायदेपंडितांत वाद झाला आणि तो होणं रास्तच होतं. पण शब्द निर्विवाद आहे: न्यायालयाने ठरवलेली अब्रूनुकसानीची भरपाई.

तडजोडीची गोष्ट वेगळी. आपल्या दिवाणी न्यायालयांत दोन्ही बाजू 'तडजोड पुरसीस' देतात. पुरसीस म्हणजे पक्षकाराने न्यायालयाला दिलेलं छोटं लेखी निवेदन. आमचं आपसात मिटलं, अटी अमुक, सह्या खाली. न्यायालय ती नोंदवतं आणि त्यावर तडजोडीचा हुकूमनामा होतो. कोण खरं, कोण खोटं हे त्यात कुणी ठरवत नाही. 'पुरसीस' हा शब्द वकिलांच्या टेबलावर रोज असतो. बातम्यांच्या भाषेत तो क्वचितच दिसतो, याची मला खंत वाटते. लोकअदालतीच्या बातम्यांत 'तडजोडपात्र प्रकरणे' मात्र नेहमी असतात, म्हणजे मूळ शब्द वाचकाच्या ओळखीचाच आहे.

या प्रकरणात भाषेच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं आहे ते फॉक्सचं निवेदन. त्यात आशय असा होता, की डोमिनियनबद्दलची काही विधानं खोटी ठरवणारे न्यायालयाचे निर्णय आम्ही 'अ‍ॅक्नॉलेज' करतो. पुष्कळ जण याचं भाषांतर 'विधानं खोटी असल्याचं फॉक्सने मान्य केलं' असं करतील आणि तिथेच घोटाळा होईल. वाक्यातला कर्ता नीट पाहा. खोटे ठरवणारं न्यायालय, फॉक्सने फक्त त्या निर्णयांची दखल घेतली. 'आम्ही खोटं दाखवलं' हे त्यात नाही, माफीही नाही. वाहिनीवरून माफी मागायची अट तडजोडीत नव्हतीच. 'दखल घेतो' हाच इथे प्रामाणिक अनुवाद. 'मान्य करतो' लिहिलं, तर जी कबुली विधिज्ञांनी शब्द तोलून टाळली, ती आपण भाषांतरात फुकट देऊन टाकतो.

असाच घोळ 'दोषी'चा. दिवाणी दाव्यात कुणी दोषी ठरत नाही, जबाबदार ठरतो. डिसेंबर २०२४मध्ये एबीसी न्यूजने डोनाल्ड ट्रम्प यांच्या दाव्यात दीड कोटी डॉलरची तडजोड केली, ती शब्दावरूनच. आधीच्या एका वेगळ्या दिवाणी दाव्यात जूरीने ट्रम्प यांना लैंगिक अत्याचारासाठी जबाबदार धरलं होतं आणि निवेदकाने 'बलात्कारासाठी' असं म्हटलं. त्या तडजोडीत संपादकीय टीप जोडून खेद व्यक्त झाला. मराठीत याला 'दिलगिरी' म्हणावं, 'माफी' नको. दिलगिरीत झाल्याबद्दल वाईट वाटतं, माफीत चूक आपली असते.

आणि इथेच 'श्रीमंत वाहिन्या पैसे टाकून सुटतात' या वाक्याची मर्यादा दिसते. एबीसीच्या प्रकरणात समोर निवडून आलेला, काही आठवड्यांत सत्तेवर बसणारा अध्यक्ष होता. अशा वेळी बलाढ्य माध्यमकंपनी तडजोड करते ती जबाबदारी टाळायला की सत्तेशी वैर नको म्हणून, हे तडजोडीच्या कागदावरून कळत नाही. दोन्ही शक्यतांना 'तडजोड' हा एकच शब्द पुरतो आणि तो तटस्थ आहे म्हणूनच वापरावा.

'मांडवली'त साटंलोटं आहे. दोघांनी मिळून तिसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकली, असा त्याचा ध्वनी आहे. 'तोडपाणी'त लाचेचा वास येतो. डोमिनियनच्या कर्मचाऱ्यांना त्या आरोपांमुळे धमक्या आल्या होत्या. त्यांची कंपनी दोन वर्षं न्यायालयात झगडली. त्या झगड्यामुळे फॉक्सच्या निवेदकांचे खासगी संदेश बाहेर आले, पडद्यावरच्या आरोपांवर आतून त्यांचाच विश्वास नव्हता हे दिसलं. काही निवेदकांनी त्या आरोपांना दुजोरा दिला, हे फॉक्सच्या मालक कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रूपर्ट मरडॉक यांच्या शपथेवरच्या जबानीत आलं. न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी ३१ मार्च २०२३च्या आदेशात डोमिनियनबद्दलची ती विधानं खरी नाहीत, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहून ठेवलं. हे सगळं तडजोडीआधी झालं आणि तडजोडीने ते पुसलं गेलं नाही. याला मांडवली म्हणवत नाही.

मग फॉक्स सुटलं का? माझं मत: पैशातून सुटलं नाही, जाबातून बऱ्याच अंशी सुटलं. 'उत्तरदायित्व' हा सरकारी थाटाचा शब्द वापरण्यापेक्षा 'जाब देणे' वापरा, म्हणजे नेमकं काय हुकलं ते कळतं. जाब समोरासमोर द्यायचा असतो. मरडॉक आणि निवेदक जूरीपुढे साक्षीला उभे राहिले असते, उलटतपासणी झाली असती, तर तो दिला गेला असता. त्या वाहिनीच्याच प्रेक्षकांना पडद्यावर 'आम्ही सांगितलं ते खोटं होतं' असं ऐकायला मिळालं असतं, तर तोही जाब झाला असता. ज्यांनी त्या आरोपांवर विश्वास ठेवला, त्यांना मात्र काहीच मिळालं नाही. मला या प्रकरणात सर्वाधिक खुपतं ते हे.

तेव्हा मथळा लिहायचा झाला तर असा लिहीन: 'अब्रूनुकसानीच्या दाव्यात फॉक्सची डोमिनियनशी तडजोड; ७८ कोटी ७५ लाख डॉलर देणार, माफीची अट नाही'. आणि रक्कम गुप्त असेल, जशी २०२४मध्ये वन अमेरिका न्यूज ही वाहिनी आणि स्मार्टमॅटिक ही मतदानयंत्रांची दुसरी कंपनी यांच्या तडजोडीत राहिली, तर 'तडजोडीच्या अटी जाहीर केलेल्या नाहीत' हे वाक्य बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच घ्यावं.