महाराष्ट्रातल्या स्वतंत्र व्यापारी बँका वर्षागणिक कशा मोजायच्या?

महाराष्ट्राच्या स्वतःच्या अशा व्यापारी बँका किती, आणि तो आकडा दरवर्षी कसा बदलत गेला हे कुठे सापडेल, असं तुम्ही विचारलंय. तयार तक्त्याच्या मागे लागू नका. रिझर्व्ह बँकेचे राज्यवार आकडे मुख्यतः शाखांचे आणि ठेवी-कर्जांचे असतात. बँकांची नोंदवही आपली आपणच करायची, आणि ती करण्यासारखी आहे.

आधी कोणती बँक ‘आपली’ ते ठरवा. नोंदणीकृत कार्यालय धरलं तर आयसीआयसीआय बँक वडोदऱ्याची ठरते आणि ॲक्सिस अहमदाबादची, कारभार मुंबईतून चालत असला तरी. इंडसइंड पुण्याची ठरते, आरबीएल कोल्हापूरची. मी नोंदणीकृत कार्यालयच धरतो, कारण ते कागदावर असतं आणि बदललं तर तारखेनिशी बदलतं. प्रत्यक्ष कारभाराचं शहर शेजारच्या रकान्यात लिहा.

मग मालकीचा रकाना, म्हणजे बँक दुसऱ्या कुणाच्या हातात न जाता स्वतंत्र राहिली की नाही ते कळेल. 19 जुलै 1969 रोजी ज्या 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातल्या पाच इथल्या होत्या: सेंट्रल बँक, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक, देना बँक आणि पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र. त्या दिवशी एकही बँक नाहीशी झाली नाही, पण पाचही सरकारच्या झाल्या. ग्रामीण बँका मी धरत नाही. त्यांचं भांडवल केंद्र 50, प्रायोजक बँक (तिला उभी करणारी मोठी बँक) 35 आणि राज्य 15 टक्के असं वाटलेलं असतं, त्यांना स्वतंत्र म्हणणं पटत नाही. शिवाय 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. ही घट तुमच्या आकड्यात आली तर उगाच गैरसमज होईल. सहकारी बँकांची वही पूर्ण वेगळी ठेवा.

माहितीसाठी रिझर्व्ह बँक कायद्याची दुसरी अनुसूची, म्हणजे अनुसूचित बँकांची यादी, आणि तिच्यात नावं घालणाऱ्या-काढणाऱ्या राजपत्रातल्या अधिसूचना बघा. जोडीला रिझर्व्ह बँकेची बँकांविषयीची वार्षिक सांख्यिकीय कोष्टकं घ्या. दरवर्षी 31 मार्चची यादी आदल्या वर्षीच्या यादीशी नावानिशी ताडून पाहा. नुसते आकडे ताडले तर एक गेली आणि एक आली हे कळतच नाही. आणि नावं ताडतानाही जपून: ‘रत्नाकर’ची ‘आरबीएल’ झाली ते फक्त नामांतर होतं.

बँक कशी गेली तेही लिहाच. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 44अ खालचं विलीनीकरण भागधारकांच्या मंजुरीने होतं. कलम 45 मध्ये आधी व्यवहारांवर स्थगिती येते (2020 च्या दुरुस्तीनंतर ती सक्तीची नाही) आणि मग सरकार विलीनीकरणाची योजना मंजूर करतं. दोन्हींत नाव पुसलं जातं, पण गावाच्या दृष्टीने या फार वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा काळ 2006-07 चा. जानेवारी 2006 मध्ये कुरुंदवाडच्या गणेश बँकेवर स्थगिती आली आणि त्याच वर्षी ती केरळच्या फेडरल बँकेत गेली. सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्नवर स्थगिती आली. 1936 साली सुरू झालेली ही बँक ऑक्टोबरमध्ये आयडीबीआयची झाली. एप्रिल 2007 मध्ये 1916 सालची सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली, ती मात्र कलम 44अ खाली. सव्वा वर्षात कृष्णाकाठच्या तीन बँका गेल्या. मी साताऱ्याचा आहे. कर्जाचा अंतिम निर्णय गावातच घेणारं संचालक मंडळ असणं म्हणजे काय, हे इथल्या व्यापाऱ्यांनी अनुभवलंय, आणि नंतर त्याचा अभावही.

राज्याच्या एकूण आकड्यात ही हानी दिसत नाही, कारण दुसऱ्या बाजूला 1994 नंतर एचडीएफसी, कोटक, येस अशा नव्या बँका मुंबईत उभ्या राहत होत्या. म्हणून गावाचा रकाना गाळू नका. बेरीज करताना मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र अशी वेगळी करा.

1 एप्रिल 2019 ला देना बँक बँक ऑफ बडोद्यात गेली, तिची ओळ त्या तारखेला बंद करा. आरबीएलची ओळ उघडी ठेवा. ऑक्टोबर 2025 मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने तिच्यात बहुमताचा हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. हिस्सा त्यांच्या हाती गेला की, नोंदणीकृत कार्यालय कोल्हापुरातच राहिलं तरी, त्या तारखेपासून मालकीचा रकाना बदला आणि ‘स्वतंत्र’मधून तिला वगळा.