वडिलांच्या शुश्रूषेसाठी चार लाख आगाऊ भरावेत का?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरल्याने डॉक्टरांनी केमो थांबवली आहे; ‘काही आठवडे ते थोडे महिने’ असे सांगितले. आम्ही कोथरूडला राहतो. एका खासगी पॅलिएटिव्ह केअर सेंटरने (आजार बरा करण्याऐवजी दुखणे कमी करणाऱ्या शुश्रूषेचे ठिकाण) महिना ८५,००० रुपये सांगितले आहेत. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ, शिवाय दीड लाख डिपॉझिट; त्यातले ५०,००० प्रवेशशुल्क म्हणून परत मिळणार नाहीत. औषधे, डायपर, डॉक्टरांची व्हिजिट वेगळी. अमेरिकेतली बहीण म्हणते, पैशांकडे बघू नकोस. वडिलांचे सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये १२ लाख (१४ महिने झाले, नॉमिनी फक्त आई), आईबरोबर जॉइंट एफडी ७ लाख, बचत खात्यात १.८ लाख, पेन्शन ३१,०००. आई ७० वर्षांची आहे, घरखर्च मी बघतो. मेडिक्लेममध्ये १.४ लाख शिल्लक आहेत. ‘क्लेम होईल’ असे सेंटर म्हणते. घरी ठेवले तर नर्सिंग ब्युरोचा माणूस १२ तासांचे ९०० घेतो. स्कीम मोडून सेंटरला पैसे भरू का?

उत्तर : स्कीम मोडू नका, आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरू नका. सेंटर घ्यायचे की नाही हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर दरपत्रकात मिळणार नाही, तिथल्या रात्रपाळीत मिळेल.

आधी आगाऊ रकमेचा हिशोब. पहिल्या दिवशी २,५५,००० अधिक १,५०,००० म्हणजे ४,०५,००० रुपये जातात. डिपॉझिटमधले एक लाख परत आले, पण आगाऊ शुल्क परत मिळत नसेल, तर मुक्काम कितीही दिवसांचा असो, ३,०५,००० गेले. मुक्काम ९० दिवसांचा झाला तर दिवसाला सुमारे ३,४०० रुपये पडतात, २० दिवसांचा झाला तर १५,२५०. स्वादुपिंडाचा आजार यकृतात पसरल्यावर २० दिवस ही अशक्य गोष्ट नाही, आणि हे सेंटरला तुमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. तेच शुल्क दिवसाच्या हिशोबाने आकारले तर २० दिवसांचे प्रवेशशुल्कासह सुमारे १,०७,००० होतात. म्हणजे करारातले एक वाक्य जवळपास दोन लाखांचे आहे.

आता महिन्याचा खर्च. सेंटरचे ८५,००० आणि वरचे पंधराएक हजार धरले तर लाख होतात. पेन्शन वजा जाता ६९,००० कमी पडतात. बचत खात्यातले १.८ लाख अडीच महिने पुरतात. घरी दोन पाळ्यांचे ५४,०००, रोज सहा डायपर ४५ रुपयांच्या दराने ८,१००, भाड्याचा फाउलर बेड (डोक्याकडून वरखाली होणारी खाट), एअर बेड आणि औषधे धरून ७०,००० च्या आसपास. म्हणजे महिन्याला सुमारे ४०,००० ची तूट. कुठलाही पर्याय घेतला तरी आज काहीही मोडावे लागत नाही. स्कीम मोडायची वेळ येते ती केवळ आगाऊ रकमेपायी.

स्कीमचा नियमही नीट पाहा. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत खाते बंद केले तर ठेवीच्या दीड टक्का कापतात. १२ लाखांवर १८,००० रुपये. खातेदाराच्या निधनानंतर बंद केले तर दंड नाही. आणि तुमच्याकडे याहून चांगला मार्ग आहे : पत्नी एकमेव नॉमिनी असेल आणि वय व एकूण मर्यादेच्या नियमांत बसत असेल, तर तेच खाते त्याच व्याजाने मुदतीपर्यंत पुढे चालवता येते. ८.२ टक्क्यांनी १२ लाखांचे दर तिमाहीला २४,६०० येतात. हे पैसे आईच्या पुढच्या वर्षांचे आहेत. आज त्यांना हात लावण्याचे कारण नाही.

मेडिक्लेमबद्दल सेंटरच्या शब्दावर विसंबू नका. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ‘एक्सक्लूजन ०५’ या क्रमांकाचे प्रमाणित कलम असते. सक्तीच्या विश्रांतीसाठीचा प्रवेश, आंघोळ-कपडे-हालचालीसाठीची मदत आणि अंतिम अवस्थेतील रुग्णाच्या शारीरिक, भावनिक, आध्यात्मिक गरजांसाठीच्या सेवा त्यात स्पष्टपणे वगळलेल्या असतात. शिवाय विम्याच्या व्याख्येतले ‘हॉस्पिटल’ कायद्याने तशी नोंदणी झालेले असावे लागते; नसेल तर त्याला दहा लाखांवरच्या लोकसंख्येच्या शहरात किमान १५ खाटा, चोवीस तास डॉक्टर व नर्स आणि ऑपरेशन थिएटर लागते. हॉस्पिस, म्हणजे अंतिम अवस्थेतल्या रुग्णांची शुश्रूषागृहे, या अटींवर अडू शकतात. पोटात साठलेले पाणी काढणे किंवा दुखण्यासाठीची रेडिएशन हे हॉस्पिटलात केलेले उपचार आहेत, उरलेले १.४ लाख त्यांच्यासाठी राखून ठेवा. सेंटरकडून ‘क्लेम होईल’ हे लेखी मागा. मिळणार नाही.

आता गुणवत्ता. सेंटरने लाइव्ह कॅमेऱ्याचे ॲप दाखवले असेल आणि बहिणीला ते आवडले असेल, तर तो विकण्याचा चांगला मुद्दा आहे. पण कॅमेऱ्यात झोपलेला माणूस दिसतो. तो आरामात आहे की गुंगीत ठेवला आहे, हे दिसत नाही. एसी खोली, बाग, भिंतीवरचे आयएसओ प्रमाणपत्र यांवरून वेदनेबद्दल काहीच कळत नाही.

पहिला प्रश्न मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचा विचारा. ‘तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या आणि इंजेक्शन आत्ता साठ्यात आहेत का, आणि रात्री दोन वाजता कुलपाची किल्ली कोणाकडे असते?’ २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवण्याची वाट सुकर झाली. मान्यतापत्र आणि साठ्याचे रजिस्टर बघायला मागा. मान्यता नसलेली ठिकाणे ट्रामाडॉल या कमी ताकदीच्या वेदनाशामकावर भागवतात. त्याला दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि स्वादुपिंडाचे दुखणे ती सहज ओलांडते. काही जण फेंटानिलचा पॅच लावतात. तो महाग, अंमल चढायला १२ ते २४ तास लागतात आणि तीन दिवस टिकतो. रोज वरखाली होणाऱ्या वेदनेवर सुरुवात त्याने करणे चुकीचे. मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त आहे, म्हणून बिलात तिला कुणी पुढे करत नाही.

दुसरा प्रश्न : ‘चार तासांच्या दोन डोसांमध्ये दुखले तर काय करता?’ जाणकार सिस्टर लगेच सांगेल की मधला डोस लिहून ठेवलेला असतो, दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण एक षष्ठांश; दर चार तासांनी १० मिलिग्रॅम चालू असेल तर १० चा. ‘डॉक्टरांना फोन करतो’ एवढेच उत्तर आले तर रात्रीच्या दुखण्याची व्यवस्था नाही असे समजा. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून देतात का, तेही विचारा. न दिल्यास चौथ्या दिवशी पोट फुगते आणि घरचे लोक दोष मॉर्फिनला देतात. गिळणे थांबल्यावर कातडीखालच्या बारीक सुईतून औषध देण्याची सोय आहे का? उलट्या थांबेनात, काविळीने खाज सुटली, पोटात पाणी भरले तर काय, हे तुमच्या वडिलांच्या आजाराचे प्रश्न आहेत. ‘सगळे करतो’ हे उत्तर पुरेसे नाही. पाणी कोण काढते, कुठे, किती पैसे घेऊन, असे विचारा.

माणसांचा हिशोब स्वतः करा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. बदलणे, ओले झाले असेल तर पुसणे, चादर ओढणे यात दहा मिनिटे जातात. एका पाळीत एक सिस्टर आणि एक मावशी मिळून १५ रुग्ण सांभाळत असतील, तर एका फेरीला १५० मिनिटे लागतात आणि हाती असतात १२०. बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) तिथे होणारच, कितीही एअर बेड लावा. म्हणून एकूण कर्मचारी किती हे विचारू नका. रात्री आठ ते सकाळी आठ किती जण, किती खाटांमागे, एवढेच विचारा. कूस बदलल्याचा तक्ता बघा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या आणि ठीक दोन-चार-सहा वाजताच्या असतील, तर तो पाळी संपताना एका बैठकीत भरलेला आहे.

डॉक्टर कोण, याचे उत्तर नावासकट घ्या. पॅलिएटिव्ह मेडिसिनमधले एमडी किंवा इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा अभ्यासक्रम केलेले असतील तर उत्तम. ‘फिजिशियन व्हिजिटला येतात’ म्हणजे आठवड्यात किती वेळा? नोंदणी शुश्रूषागृह म्हणून महापालिकेकडे आहे की वृद्धाश्रम म्हणून चालते, हे प्रमाणपत्रावर बघा. महाराष्ट्रात नोंदणीकृत शुश्रूषागृहाला २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. तिथे लावलेला दर आणि तुम्हाला सांगितलेला दर जुळतो का, तेही पाहा. एकदा वेळ ठरवून जा, एकदा संध्याकाळी सातनंतर न सांगता. रुग्णाच्या हाताला पोहोचेल असे पाणी आणि बेल आहे का, तोंड स्वच्छ आहे का, वास कसला येतो. गाठीच्या जखमेचा वास मेट्रोनिडाझोलच्या पावडरने आटोक्यात राहतो; सगळीकडे फिनेल मारलेले असेल तर जखमेकडे लक्ष नाही.

शेवटचे ४८ तास हा पैशांच्या दृष्टीनेही सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. श्वास बदलला की अॅम्ब्युलन्स बोलावून आयसीयूत पाठवणारी सेंटर आहेत. मग सेंटरचे पैसेही गेले, आयसीयूचे डिपॉझिटही आले, आणि वडिलांना जे नको होते तेच झाले. वडील बोलू शकतात तोवर त्यांना विचारा आणि शेवटी कोणते उपचार नकोत याचे इच्छापत्र (लिव्हिंग विल) करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. त्याची प्रत फाइलमध्ये लावून ‘आम्ही इथेच सांभाळू’ असे सेंटर लिहून देते का, ते बघा.

आणि सगळ्यात आधी फोन वारज्याला करा. तुमच्या घरापासून जवळ सिप्ला फाउंडेशनचे पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून चालते. सुमारे ५० खाटा, कर्करोगाचे रुग्ण, शुल्क नाही. घरी येणारे पथकही आहे. खाट कधी मिळेल, सोबत घरचे कोणी राहावे लागते का, पथक कोथरूडला किती दिवसांनी येते, हे विचारा. ‘फुकट म्हणजे गरिबांसाठी’ ही समजूत बहिणीच्या मनात असेल तर तिला सांगा, की देशातले पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांती आवेदना सदन, १९८६ पासून रुग्णाकडून पैसे न घेताच चालते. वडिलांची अवस्था पाहता माझा क्रम असा राहील : वारज्यात दुखणे आटोक्यात आणून घेणे, मग पथकाच्या देखरेखीखाली घरी दोन पाळ्या, आणि आई-तुम्ही थकलात किंवा घरी आवरेना झाले तर खासगी सेंटर, आठवड्याच्या बोलीवर. बहिणीला पैसे द्यायचेच असतील तर रात्रपाळीचे महिन्याचे २७,००० तिने थेट आईच्या खात्यात पाठवावेत. मुलीने आईला दिलेल्या भेटीवर इथे आईला कर नाही.

खासगी सेंटर घेतलेच, तर सही करण्यापूर्वी करारात हे घाला : शुल्क दिवसावर, निधन किंवा घरी नेणे झाले तर उरलेली रक्कम सात दिवसांत बँकेत परत, हॉस्पिटलात हलवल्यास त्या दिवसांचे शुल्क किती, औषधे बाहेरून आणण्याची मुभा, दर आठवड्याला तपशीलवार बिल. ‘सोडताना एक महिन्याची नोटीस’ हे भाडेकराराचे कलम काही ठिकाणी तसेच उतरवलेले असते, ते काढायला लावा. तयार नसतील तर उठून या.

या आठवड्यात बँकेची कामे उरका. एफडी ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही चालवू शकेल अशी) असली तरी मुदतीआधी मोडायला सहसा दोघांच्याही सह्या लागतात. म्हणून मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्टची, म्हणजे लागेल तसे कर्ज उचलण्याची सोय आत्ताच करून ठेवा. दर साधारणपणे ठेवीच्या व्याजाहून एक-दोन टक्के जास्त, आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच. सही थरथरू लागली असेल तर बँक दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेते, त्यातला एक बँकेचा अधिकारी असतो. पॉवर ऑफ ॲटर्नीवर फार भिस्त ठेवू नका, ती निधनाबरोबर संपते. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून आईच्या स्वतःच्या खात्यात लाखभर रुपये राहू द्या. वडील जुन्या कररचनेत असतील तर कर्करोगाच्या उपचारखर्चाची प्राप्तिकरातली वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी), ज्येष्ठांना एक लाखापर्यंत, त्यांच्याच विवरणात घ्या. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते.

मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र संस्थेत नमुना ४ मध्ये मिळते, घरी ४अ मध्ये. घरी ठेवणार असाल तर ४अ कोणते डॉक्टर देतील, हे त्यांच्याशी आजच बोलून ठेवा, आणि नाव आधारवर आहे तसेच लिहून घ्या. स्पेलिंगमधल्या एका अक्षराने स्कीमचे खाते आईच्या नावावर व्हायला महिने जातात.