नोकरी शोधताना कधी हुरूप, कधी घोर निराशा: हे फक्त माझंच होतंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच महिन्यांपासून नोकरी शोधताय. शेवटच्या इंटरव्ह्यूत पॅनेल खूश दिसलं, 'एचआर तुमच्याशी बोलेल' असं सांगितलं आणि आता दोन आठवडे तिकडून चकार शब्द नाही. एक दिवस वाटतं काम झालंच, दुसऱ्या दिवशी वाटतं आपल्यात काही दमच नाही. हे सगळ्यांचं होतं का, आणि त्यांना फोन करू का?

सगळ्यांचं होतं. मी स्वतः दोनदा या चक्रातून गेलोय, एकदा हातात नोकरी असताना आणि एकदा आमची टीमच बंद झाल्यावर. त्यानंतर बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे, मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीत बसतोय. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं एक ठाम मत झालंय: नोकरी शोधणाऱ्याला निराशेच्या दिवसांपेक्षा हुरुपाचे दिवस जास्त महागात पडतात. ते कसं, ते सांगतो. पण आधी त्या दोन आठवड्यांत पलीकडे काय चाललेलं असतं ते बघा.

समजा एका जागेसाठी पाच जणांच्या मुलाखती झाल्या. पॅनेल बसतं, शीटमधले गुण बघितले जातात, थोडी हुज्जत होते आणि क्रम लागतो. पहिल्याला ऑफर जाते. तो म्हणतो, विचार करून सांगतो. त्याच्याकडे आणखी एक ऑफर असते, ती दाखवून तो आकडा वाढवून मागतो. आकडा वाढवायला वरिष्ठांची मंजुरी लागते आणि वरिष्ठ नेमके रजेवर. या सगळ्या काळात दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला काय कळवायचं? 'पहिला नाही म्हणाला तर तुमचा विचार करू' असं कोणी लिहून देत नाही. नकारही धाडत नाहीत, कारण उद्या तोच लागू शकतो. मग काहीच कळवत नाहीत. इंटरव्ह्यू चांगला होऊनही सगळं थंड असेल, तर बऱ्याचदा तुम्ही त्या दुसऱ्या खुर्चीत असता. ज्याला घ्यायचंच नाही त्याला काढून टाकणं त्या मानानं सोपं असतं.

कधी कधी उमेदवाराशी काही संबंधच नसतो. एकदा आम्ही एक उमेदवार निवडली, सगळ्यांचं एकमत होतं आणि त्याच आठवड्यात ती जागा दुसऱ्या विभागाकडे वळवायची चर्चा सुरू झाली. जागा 'होल्ड'वर गेली, पण बंद झाली नाही. आमच्याकडच्या सिस्टिममधून नकाराचे मेल जायचे ते जागा बंद केल्यावरच. त्यामुळे तिला कित्येक दिवस कोणीच काही कळवलं नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, 'अजून ठरलं नाही, काय सांगणार?' तिनं घरी बसून आपल्या एकेका उत्तरात खोट शोधली असणार. खोट नव्हतीच.

हा गलथानपणा आहेच, पण सगळाच नाही. २०१० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडीस या तिघांना मिळालं, ते याच कोड्यावरच्या कामासाठी. एकीकडे जागा रिकाम्या आणि त्याच वेळी दुसरीकडे माणसं बेकार, असं का होतं? त्यांचं म्हणणं ढोबळमानानं असं की योग्य माणूस आणि योग्य जागा यांची गाठ पडायलाच वेळ आणि खर्च लागतो. दोन्ही बाजू चोख असल्या तरी लागतो. तेव्हा पाच महिने लागले यावरून तुमची लायकी मोजता येत नाही. पुढच्या वेळी कोणी 'अजून काही जमलं नाही का?' असं विचारलं की हे मनातल्या मनात म्हणा. तोंडावर म्हटलंत तर गप्पा लांबतील.

आता हुरुपाचं. इंटरव्ह्यू झकास होतो. पॅनेलमधला एक जण 'तुम्ही किती दिवसांत जॉइन होऊ शकाल?' असं विचारतो. (हा प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतो, त्यात काही वाचू नका.) घरी येताच माणूस नकाशावर त्या ऑफिसचा रस्ता बघतो. दोघा-तिघांना 'बहुतेक होईल' असं सांगून टाकतो. अर्धा भरलेला एक फॉर्म असतो, तो तसाच पडतो. एका रिक्रूटरचा मिस्ड कॉल असतो, 'बघू, आधी यांचं काय होतंय' म्हणून उलट फोन करत नाही. आणि मग एका सकाळी मेल येतो. तो उघडावाही लागत नाही, 'अनफॉर्च्युनेटली' हा शब्द बाहेरच्या ओळीतच दिसतो.

त्या दिवशी जो खड्डा पडतो त्याचं खापर आपण नकारावर फोडतो. पण नकार काही पहिलाच नसतो. खड्डा खोल वाटतो कारण मागचे दोन-तीन आठवडे आपण एकही दाणा पेरलेला नसतो. आज अर्ज केला तर पहिला फोन यायलाच काही आठवडे जातात, म्हणजे पुढचे आठवडेही कोरडेच. ते कोरडेपण हुरुपाच्या दिवसांत तयार झालेलं असतं, ते फक्त उशिरा दिसतं.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि तो मी भेटेल त्याला सांगतो. इंटरव्ह्यू ज्या दिवशी चांगला झाला, त्याच दिवशी संध्याकाळी आणखी दोन ठिकाणी अर्ज पाठवायचे. वाईट झाला त्या दिवशी नाही पाठवले तरी चालेल, त्या दिवशी झोपा. सही झालेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत अर्जांची रांग चालू ठेवायची. 'झालंच समजा', 'लेटर उद्या निघतंय', 'मी शब्द देतो' हे सगळं सांगणारी माणसं बहुधा प्रामाणिकपणेच सांगत असतात, पण लेटर काढणं त्यांच्या हातात नसतं. आणि सध्या हातात नोकरी असेल तर तोंडी शब्दावर राजीनामा देऊ नका. हे वेगळं सांगायला नको असं वाटतं खरं, पण दर वर्षी कोणीतरी भेटतंच.

एक साधी शीट ठेवा: जागा, कुठे, कोणामार्फत, शेवटचं बोलणं कधी, पुढचं पाऊल काय. 'होईल असं वाटतं का' असा रकाना मात्र ठेवू नका. लोक ठेवतात, आणि रोज तोच उघडून बघत बसतात.

अर्ज कुठे वाया जातात तेही सांगतो. मशीन सीव्ही वाचून परस्पर नकार देते, ही भीती जरा फुगवलेली आहे. फॉर्ममधल्या 'अमुक परवाना आहे का', 'इतका अनुभव आहे का' अशा थेट प्रश्नांवर गाळणी लागते, ती खरी. बाकी बहुतेक वेळा माणूसच कंटाळतो. आम्ही आलेले अर्ज वरून वाचायला घेतो, बोलावण्याजोगे पुरेसे मिळाले की थांबतो. खालच्या अर्जात कोण रत्न होतं ते कधीच कळत नाही. जाहिरात आल्या आल्या पाठवलेला बरा अर्ज हा आठवड्यानं पाठवलेल्या उत्तम अर्जाला मागे टाकतो, हे अन्यायकारक आहे पण घडतं.

त्यापेक्षा ओळखीपाळखीचा रस्ता धरा. तोही जवळच्या ओळखीचा नव्हे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ सालचा एक गाजलेला लेख आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्यानं सांगितलं तो माणूस त्या सुमारास तुम्हाला किती वेळा भेटायचा? 'नेहमी' म्हणणारे फक्त १६.७ टक्के निघाले. 'अधूनमधून' म्हणणारे ५५.६ आणि 'क्वचित' म्हणणारे २७.८ टक्के. कारण उघड आहे, जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. पुढे लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा अभ्यास २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यातही अगदी घट्ट नात्यांपेक्षा मध्यम सैल ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडताना दिसल्या. म्हणजे जुन्या टीममधला तो शांत सहकारी, ज्याच्याशी तुम्ही वर्षभर बोलला नाहीत, त्याला लिहा. 'माझ्यासाठी काही आहे का?' असं नको, त्याला 'नाही' एवढंच म्हणता येतं. असं लिहा: 'तुमच्याकडे अमुक काम कोण बघतं? त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायचं होतं, नवीन माणूस घेताना ते काय बघतात एवढंच विचारायचंय.' याला माणसं सहसा उत्तर देतात.

गॅपबद्दल गोड बोलून फसवत नाही. अमेरिकेत सुमारे ३,००० जाहिरातींना १२,००० बनावट सीव्ही पाठवून केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला होता. बेकारीचा काळ जितका लांब, तितके मुलाखतीचे फोन कमी, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली. तेव्हा सीव्हीत या महिन्यांचं काहीतरी तारखेसकट दिसू द्या: छोटं कंत्राटी काम, कोणाला करून दिलेला हिशेब, पूर्ण केलेला एखादा कोर्स. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. गॅपपेक्षा त्यावरचं पाच मिनिटांचं स्पष्टीकरण जास्त खुपतं.

दिवसाच्या आखणीबद्दल मी आधी काही लिहिणार नव्हतो, सकाळी लवकर उठा वगैरे सांगायला मी कोण. पण ऑस्ट्रियातल्या मारिएन्टाल गावाची हकिकत सांगावीशी वाटते. १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथे अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. तेही वाचनालयानं वर्गणी माफ केलेली असताना! रस्त्यानं जाणारे पुरुष मध्ये मध्ये उगाच थांबायचे, बायका मात्र झपझप चालायच्या, कारण त्यांची घरकामं सुटली नव्हती. म्हणून शोधाशोधीला दिवसातले ठरावीक तास द्या आणि ते संपले की लॅपटॉप खरंच मिटा. दिवसभर दर दहा मिनिटांनी मेल बघणं हे काम नाही, ती नुसती धाकधूक आहे.

आता तुमचा फोनचा प्रश्न. फोन नको, मेल करा, आणि आजच करा. दोन आठवडे झालेत, यात आगाऊपणा काही नाही. चार ओळी पुरेत: अमुक तारखेला अमुक जागेसाठी भेटलो होतो, जागेत रस कायम आहे, निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे ते कळवाल का. दुसरीकडे खरोखर ऑफर असेल तर तिची मुदत लिहा, आमच्याकडे अशा ओळीनं फाइल हलते. नसेल तर थाप मारू नका, ऑफर लेटर दाखवा म्हटलं की पंचाईत होते. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर आणखी एकदा विचारा. त्यानंतर शीटमध्ये ती ओळ बंद करा.

आणि समजा महिनाभरानं अचानक त्यांचा फोन आलाच, तर इतके दिवस कुठे होतात म्हणून फणकारू नका. पहिला माणूस आलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. पगार, रुजू व्हायची तारीख आणि लेटर कधी मिळेल, एवढं विचारून घ्या. आमच्याकडे आज टीम चालवणाऱ्यांत काही जण असे दुसऱ्या क्रमांकाचेच आहेत, आणि तेव्हा पहिला कोण होता ते आता पॅनेलमधल्या कोणालाही आठवत नाही.