इटलीच्या सुट्टीत कुकिंग क्लास करावा की फूड टूर? आणि कुठल्या गावात?

तुम्ही लिहिलंय की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस असे आठ दिवस आहेत, आई सोबत आहेत, सगळे शाकाहारी आहात आणि टस्कनीच्या एका व्हिलातला 'चार पदार्थ, वाइन आणि सर्टिफिकेट' असा क्लास जवळजवळ ठरलाय. पैसे भरले नसतील तर भरू नका.

असलाच क्लास आम्ही केलाय. दोन जोडपी मिळून गेलो होतो, आणि बुकिंग हा वन्संचा प्रांत. व्हिला देखणा, सायप्रसची झाडं, द्राक्षांचे मळे, फोटो अप्रतिम. आत लांबलचक टेबल आणि आम्ही अठ्ठावीस जण. पीठ आधीच मळून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. मशीनचं हँडल प्रत्येकानं एकदा फिरवायचं, फोटो काढून घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचं. पूजेत यजमानाच्या हाताला हात लावून 'मम' म्हणतात ना, तसं. सॉस आतून तयार होऊन आला. शेवटी ॲप्रन आणि सर्टिफिकेट, त्यावर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं.

मग मी हट्ट धरला. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाणारी गाडी बोलोन्यावरूनच जाते, आणि हायस्पीड गाडीनं बोलोन्या जेमतेम ४० मिनिटांवर आहे. तिथे एका बाईंच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही सहा जण. चार तासांत एकच गोष्ट शिकायची: हातानं लाटलेली तालियातेल्ले, म्हणजे पोळी लाटून लांब पट्ट्या कापलेला अंड्याचा पास्ता. पैसे जवळपास व्हिलाएवढेच. वन्सं म्हणाल्या, "एवढे पैसे आणि चार तास नुसत्या शेवयांसाठी?"

माणशी १०० ग्रॅम मैद्यासारखं बारीक पीठ आणि एक अंडं. पाणी नाही, मीठ नाही. पंधरा मिनिटं तिंबायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. इथवर मी एकदम आरामात होते. तीस वर्षं रोज पोळ्या लाटतेय, मला कोण काय शिकवणार! लाटणं मात्र हातभर लांब, आणि पोळपाट म्हणजे अख्खं टेबल झाकणारी लाकडी फळी. मी नेहमीसारखा जोर लावला आणि बाईंनी माझं मनगटच धरलं. "पियानो, पियानो." म्हणजे हळू, हे नंतर कळलं. सगळ्यांदेखत. कान गरम झाले माझे.

मग त्यांनी माझ्या हातांवर आपले हात ठेवले. लाटण्याच्या मध्यावर दोन्ही तळवे, आणि लाटणं पुढे जाताना तळवे बाहेर, टोकांकडे सरकत जायचे. पोळीचा काठ फळीखाली लोंबता सोडायचा, म्हणजे ती स्वतःच्या वजनानं ताणली जाते. दाबायचं नाहीच, वाढवायचं. तेव्हा मला आई आठवली. माहेर जळगावचं. आई मांडे करायची ते असेच, हातांवर झेलत वाढवून मग खापरावर. मी कधी शिकले नाही, कारण विकत मिळतात. बोलोन्यात परक्या बाईनं मनगट धरल्यावर कळलं की आई काय सांगत होती.

माझी पोळी दोनदा फाटली. तिसऱ्यांदा बाईंनी ती खिडकीसमोर धरली. तिच्यातून टेकडीवरचं सान लुका चर्च दिसलं पाहिजे, असं तिथे म्हणतात. मला समोरच्या इमारतीचे शटर दिसले. चाललं. ह्यांची पोळी पहिल्याच झटक्यात जमली, कारण हातात कसलीच सवय नव्हती. तो विषय आमच्याकडे अजून निघतो.

आणि त्या 'नुसत्या शेवयां'चा मान किती, तर शिजलेल्या तालियातेल्लेची रुंदी ८ मिलिमीटर असावी हे बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे १९७२ साली रीतसर नोंदवलंय, सोन्याचा नमुना करून. तिथल्या उंच आसिनेल्ली बुरुजाच्या उंचीचा १२,२७० वा भाग! लाकडावर लाटलेली पोळी खरखरीत राहते, म्हणून सॉस धरते. मशीनच्या रुळातून गुळगुळीत निघते, सॉस ताटलीत राहतो. हे मी वन्संना तीन वर्षं सांगतेय.

म्हणून तुम्हीही दोनच गोष्टी विचारा: माणसं किती, आणि पीठ मी स्वतः मळणार का? दुसऱ्याचं उत्तर गोलमाल आलं की पुढचं वाचूच नका.

फूड टूरचं राहिलंच. पार्मा-मोदेनाकडची टूर चांगली असते म्हणतात आणि असेलही. पार्मेजानो चीजचं एक चाक सुमारे ५५० लिटर दुधातून होतं, ते बघण्यासारखं आहे. पण चीज सकाळीच करतात, म्हणजे पहाटे उठणं आलं, आणि बहुतेक टूरमध्ये एक थांबा हॅमचा असतोच. तुमच्या आई बाहेर किती वेळ बसतील?

हो, आणि हे मी आधी सांगायला हवं होतं: बोलोन्याची सगळी मदार अंड्यावर. तोर्तेल्लिनी या छोट्या भरलेल्या पास्त्यात डुकराचं मांस असतं, रागू सॉसमध्ये मांसच. शाकाहारी म्हणून त्याचे मोठे भाऊ, रिकोटा चीज भरलेले तोर्तेल्लोनी मागा, वर लोणी आणि सेजची पानं. पार्मेजानोत वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं, कटाक्ष असेल तर तेही बाद. अंडंही चालत नसेल तर माझं उत्तर अर्धं फुकट गेलं; मग खाली दक्षिणेला पुल्या प्रांतात बारीला जावं लागेल, तिथला ओरेक्किएत्ते पास्ता नुसत्या रव्याच्या पिठाचा आणि पाण्याचा, जुन्या गावात बायका दारात बसून करतात. पण ते तुमच्या वाटेवर नाही. आणि १५ ऑगस्टच्या आसपास जात असाल तर निम्मी दुकानं बंद मिळतील.

वन्संचं सर्टिफिकेट हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. गेल्या दिवाळीत मी आमच्या डायनिंग टेबलवर तालियातेल्ले लाटली, तर म्हणाल्या, "मशीन घेऊन टाक ना, कशाला एवढी मेहनत." आणि दोनदा वाढून घेतली.