शेअर ऑटो फक्त आपल्याकडेच आहे का?

प्रश्न : बर्डीवरून कामठीला जाताना ऑटोचालक पुरेशा सवाऱ्या मिळेपर्यंत गाडी हलवत नाही. माझा मुलगा म्हणतो की, सीटप्रमाणे भाडे घेण्याची ही पद्धत आपल्याकडेच आहे, बाहेर सगळीकडे मीटर चालते. हे खरे आहे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही. भाड्याच्या गाड्यांचे आकार देशोदेशी वेगळे असले, तरी व्यवहार मुळात दोनच असतात : अख्खी गाडी ठरवायची किंवा गाडीतली एक जागा घ्यायची. मीटर पहिल्या व्यवहारासाठी आहे. जर्मनीत ब्रून नावाच्या संशोधकाने १८९१ मध्ये टॅक्सीमीटर तयार केला आणि त्यावरूनच ‘टॅक्सी’ हा शब्द रूढ झाला. लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या चालकाला परवान्यासाठी शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉस या चौकापासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. इतकी कठोर परीक्षा मला अतिशय आदरणीय वाटते.

दुसरा व्यवहार मात्र याहून कितीतरी जास्त लोकांच्या रोजच्या उपयोगाचा आहे. तुर्कस्तानातल्या अशा गाडीला ‘दोल्मुश’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच ‘भरलेली’ असा आहे. म्हणजे बर्डीवर आपला खोळंबा करणारा नियम तिथे गाडीच्या नावातच आहे. थायलंडच्या ‘सोंगथेव’चा अर्थ ‘दोन रांगा’, कारण पिकअपच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाक असतात. फिलिपिन्समधली जीपनी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्या लांबवून तयार झाली. तिच्यात मागे बसलेला प्रवासी भाड्याची नाणी शेजाऱ्याच्या हातावर ठेवतो, ती हातोहात चालकापर्यंत जातात आणि उरलेली चिल्लर त्याच वाटेने परत येते. अनोळखी माणसांमधला हा विश्वास कोणत्याही यंत्रापेक्षा मला मोलाचा वाटतो. केनियातल्या ‘मटाटू’ नावाच्या मिनीबसही याच जातीच्या.

आपल्या मुलाला आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. इथिओपियात तीनचाकी ऑटोला सर्रास ‘बजाज’ म्हणतात, कारण तिथे या गाड्या भारतातून गेल्या. तिथल्या अनेक गावांत त्या ठरावीक मार्गावर सीटप्रमाणेच धावतात, आणि अख्खी गाडी हवी असेल तर ‘कॉन्ट्रॅक्ट’ असे आधी सांगावे लागते, जसे आपण नागपुरात ‘स्पेशल’ म्हणतो.