साठ-पासष्ट हजारांचा गेमिंग मॉनिटर घेणं खरंच वर्थ आहे का?

तुमच्या केसमधे तरी नाही. तुम्ही लिहिलंय की आत्ता साधा ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आहे, पीसीत आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट चालतं, सुट्टीत एल्डन रिंग, आणि डोळा आहे ६५ हजारांच्या २४० हर्ट्झ ओएलईडीवर. तुमच्या जागी मी असतो तर वीसेक हजारात काम उरकलं असतं. थोडं लांबेल, पण का ते सांगतो.

मी आधी माती खाल्लेली आहे. माझा पहिला १४४ हर्ट्झचा मॉनिटर लॅमिंग्टन रोडवरून घेतला, ग्रँट रोड ते दादर, तिथून बदलून डोंबिवली, गर्दीत खोका सांभाळत घरी आणला, लावला आणि मग महिनोन्महिने भेटेल त्याला सांगत सुटलो की काय स्मूथ आहे राव, पैसे वसूल. पुढे एकदा चुलतभाऊ आला, त्याने सहज डिस्प्ले सेटिंग उघडलं, तर विंडोज आपलं ६० वरच चालू! म्हणजे इतके दिवस मी ६० हर्ट्झ बघत १४४ चं कौतुक करत होतो. स्मूथ काय ते पावतीच होती. (डिस्प्ले सेटिंगमधे ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट हाताने बदलावा लागतो, बऱ्याचदा आपोआप होत नाही.) मग १४४ केलं आणि नुसता माऊस हलवला तरी फरक कळला, तो खरा फरक.

आता हिशोब बघा. ६० हर्ट्झला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, पडद्यावर साधारण १६.७ मिलिसेकंद राहते, १४४ ला ६.९. म्हणजे जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचले. १४४ वरून २४० वर गेलात तर ४.२, म्हणजे वाचले किती, तर पावणेतीन. ३६० ला २.८. मिळकत अशी आटत जाते आणि किंमत मात्र फुगत जाते. रोज चार-पाच तास घासणाऱ्या, टूर्नामेंट खेळणाऱ्या पोराला ते पावणेतीन लागत असतील, त्याच्याशी वाद नाही. मला नाही लागत.

दुसरं म्हणजे मॉनिटर फ्रेम बनवत नाही, कार्ड बनवतं. व्हॅलोरंट हलकं आहे, प्रोसेसर बरा असेल तर ३०६० वर दोनशेच्या वर फ्रेम्स निघतात, तिथे ठीक. पण एल्डन रिंग पीसीवर ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम्स) लॉक आहे, म्हणजे २४० हर्ट्झच्या मॉनिटरवरही तुम्ही ६० च बघणार. आणि 'फोरके घेऊन टाकतो' असं मनात असेल तर १०८०पी मधे साधारण २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मधे ३७ लाख, फोरकेमधे ८३ लाख, एवढं सगळं त्याच बिचाऱ्या कार्डाने रंगवायचं. घरात पिठलंभात आणि ताट चांदीचं.

ओएलईडी वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये हां. मित्राकडे बघितलाय, खोलीत अंधार करून, गुहेतला काळा म्हणजे खरंच काळा, कारण प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. वेड लागतं. पण त्याच स्क्रीनवर दिवसभर एक्सेल उघडं ठेवणार असाल तर खालच्या टास्कबारचा डाग कायमचा बसण्याची भीती असते, बारीक अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात, आणि क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार) असेल तर समोर खिडकी किंवा डोक्यावर ट्यूबलाइट असताना तो काळा जरा जांभळट-राखाडी होतो. आपल्या हॉलमधे ट्यूबलाइट कोण बंद करू देतंय? घेतलाच तर वॉरंटीत बर्न-इन, म्हणजे तो कायमचा डाग, लिहिलंय का ते आधी वाचा.

खोक्यावरच्या स्टिकरांना भुलू नका. एचडीआर ४०० ही एचडीआरच्या (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवण्याच्या) सर्टिफिकेटची सगळ्यात खालची पायरी, त्यात लोकल डिमिंगची (पडद्याचा हवा तेवढाच भाग मंद करण्याची) अटच नाही, त्यामुळे एचडीआर चालू केलं की चित्र उलट फिकट दिसू शकतं. '१ एमएस' (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ) हे बऱ्याचदा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला घाई करायला लावणारं सेटिंग, फुल करून मोजलेलं असतं, रोज वापरायला गेलात तर हलणाऱ्या गोष्टीमागे उलटी सावली पळते. आणि जी-सिंकच्या (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेम्सशी जुळवणाऱ्या एनव्हिडियाच्या सोयीच्या) वेगळ्या चिपसाठी जास्त पैसे तर अजिबात नको, जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाच्या कार्डाचं हे जुळवणं फ्रीसिंकवाल्या (तीच सोय, एएमडीची) मॉनिटरबरोबरही चालतं, केबल तेवढी डिस्प्लेपोर्टची लावा.

तर मी घेतला असता तो असा: २७ इंच, १४४०पी, १६५ किंवा १८० हर्ट्झ, आयपीएस पॅनल. २७ इंचात १०८०पी घेऊ नका, जवळून पिक्सेल मोजता येतात, १०८०पी च हवं असेल तर २४ इंच. व्हीए हा पॅनलचा दुसरा प्रकार स्वस्त पडतो पण अंधाऱ्या सीनमधे काजळ फासल्यासारखं होतं. पुढे पीएस ५ जोडायचा विचार असेल तर तो १२० हर्ट्झच्या वर जातच नाही, म्हणजे त्यालाही एवढा पुरे.

आला की त्याच दिवशी पूर्ण काळं, पांढरं, लाल चित्र लावून डेड पिक्सेल (रंग न बदलणारे मेलेले ठिपके) शोधा, आणि रिटर्नची मुदत संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल रद्दीत जाऊ देऊ नका, आई विचारेलच कधी टाकणार म्हणून.